बिडाचा पूल आणि बिडाचे घर



२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल पुरात वाहून गेला. १९२८ साली बांधलेला तो दगडी कमानींचा पूल होता. पाऊस कोसळत होता, काळोख होता, आणि पुढे पूल उरलेला नाही हे रस्त्यावरून येणाऱ्याला कळण्याचा काही उपाय नव्हता. जयगडहून आणि राजापूरहून मुंबईकडे निघालेल्या एस. टी. च्या दोन गाड्या आणि एक खाजगी मोटार सरळ नदीत गेली. त्या दोन्ही गाड्या पहाटेच्या सुमारास आपल्या पनवेलवरून पुढे जायच्या होत्या. ज्या मुंबई-गोवा रस्त्यावर हे घडले, त्याचा आरंभच पनवेलला होतो. करंजाड्यात घर केलेल्या कोकणी माणसाला त्या रस्त्याचे प्रत्येक वळण पाठ असते. म्हणून ही घटना आपल्याला वर्तमानपत्रातली वाटत नाही, ती घरातली वाटते.

पुढे १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. ही गोष्ट कौतुकाची आहे आणि ते कौतुक मी हातचे राखून करणार नाही. पण त्या दिवसांत जुन्या पुलांविषयी जे बोलले गेले ते ऐकून मला थोडी खंत वाटली. एक पक्ष म्हणत होता, इंग्रजांनी बांधलेले काम, ते हलायचे नाही. दुसरा म्हणत होता, जुने झाले ना, पाडून टाका सगळे. वरवर ही मते परस्परविरोधी दिसतात, पण दोघांनाही एका कष्टातून सुटका हवी असते. तो कष्ट म्हणजे वास्तू जवळ जाऊन पाहणे, ती कशाची केली आहे हे समजून घेणे, आणि मग वर्षानुवर्षे तिची उस्तवार करणे. जुनी वास्तू ‘राखणे’ म्हणजे नेमके काय, हे आज मला दोन उदाहरणांवरून सांगायचे आहे. पहिले दूरचे आहे : जगातला पहिला मोठा लोखंडी पूल. दुसरे त्याच धातूचे, इथून लोकलने दीड तासाच्या आत गाठता येण्याजोगे. तो पूल नव्हे, घर आहे. पण ते पूल बांधणाऱ्याने बांधलेले घर आहे.

आधी धातूची ओळख करून घेऊ, आणि त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ. घावन किंवा आंबोळी जिच्यावर सुटते त्या तव्याला आपण बिडाचा तवा म्हणतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. भट्टीतून वितळून आलेला रस साच्यात ओतायचा आणि थंड होऊ द्यायचा. त्यात कार्बनचा अंश शेकडा तीन-चार असतो, आणि तो पापुद्र्यांच्या रूपाने धातूच्या अंगात पसरलेला असतो. त्यामुळे बिडावर वरून कितीही भार टाका, ते दबत नाही. पण त्याला ताण दिला, वाकवू पाहिले किंवा त्यावर अवचित घाव घातला, तर त्याच पापुद्र्यांच्या वाटेने ते तडकते. बिडाचा तवा पन्नास वर्षे चुलीवर तापतो आणि एके दिवशी हातातून निसटून फरशीवर पडला की त्याचे दोन तुकडे होतात. घरातल्या बायकांना हे ठाऊक असते. इंजिनियरांना ते कळायला शंभर वर्षे लागली आणि त्यात बरीच माणसे मेली.

ज्या घराण्याने तो पहिला पूल केला, ते घराणेही मुळात भांडी ओतणाऱ्यांचेच होते, हा योगायोग मला फार आवडतो. इंग्लंडात अब्राहम डार्बी नावाच्या गृहस्थाने १७०७ साली वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. त्याला भांडी स्वस्त करायची होती. स्वस्त भांड्यांना स्वस्त लोखंड हवे, आणि लोखंड वितळवायला लागणारा लाकडी कोळसा तर महाग होत चालला होता. सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात कोलब्रुकडेल येथे त्याने १७०९ साली दगडी कोळसा भाजून केलेल्या कोकवर लोखंड वितळवून दाखवले. पुढच्या सगळ्या यंत्रयुगाची चूल तिथे पेटली असे म्हणतात. मूळ हेतू मात्र पातेले स्वस्त करण्याचा होता.

त्याचा नातू, तोही अब्राहम डार्बीच, त्याने पूल ओतला. सेव्हर्नचे पात्र त्या ठिकाणी दरडींनी आवळलेले, नदीतून नावांची सतत ये-जा, आणि दोन्ही काठांवर खाणी व भट्ट्या. नदीत खांब न घालता एकाच कमानीत पार जाणारा पूल हवा होता. श्रूजबरीचा वास्तुशिल्पी टॉमस प्रिचर्ड याने लोखंडाची कल्पना पुढे आणली. तो १७७७ साली वारला आणि काम डार्बीच्या अंगावर आले. १७७९ च्या उन्हाळ्यात कमान उभी राहिली आणि १७८१ च्या १ जानेवारीला पूल खुला झाला. कमानीचा गाळा सुमारे १०० फुटांचा, लोखंड ३७८ टन, आणि निरनिराळे तुकडे सतराशेच्या आसपास.

आता गंमत पाहा. लोखंडाचा पूल यापूर्वी कोणी केलेला नव्हता, तेव्हा लोखंडाचे सांधे कसे करावेत हेही कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून त्यांनी ते सुतारासारखे केले. एका तुकड्याचे टोक दुसऱ्याच्या भोकात बसवायचे, वर लोखंडी पाचर ठोकायची. बोल्ट-रिव्हेटांवर भिस्त नाही. आपल्या जुन्या वाड्यांतल्या तुळया आणि खांब ज्या रीतीने एकमेकांत अडकवलेले असतात, जवळजवळ तीच रीत. हिशेबही अंदाजाचा. किती लोखंड पुरेल हे माहीत नसल्यामुळे भरपूर घातले. थोड्याच वर्षांनी, १७९६ साली, टेलफर्डने त्याच नदीवर जवळच दुसरा लोखंडी पूल केला. त्याचा गाळा १३० फुटांचा असूनही लोखंड लागले अवघे १७३ टन. म्हणजे डार्बीने निम्म्याहून अधिक धातू भीतीपोटी घातला होता. खर्च अंदाजाबाहेर गेला आणि हा माणूस जन्मभर कर्जात राहिला. पण १७९५ साली सेव्हर्नला जो महापूर आला, त्यात त्या भागातले कितीतरी पूल मोडले वा खिळखिळे झाले, आणि हा मात्र जसाच्या तसा राहिला. बिडाच्या उघड्या कमानीतून पाणी निघून गेले.

एवढा मोठा सांगाडा त्या काळी उभा कसा केला असेल, याविषयी दोनशे वर्षे नुसते तर्क चालले होते. १९९७ साली स्टॉकहोममध्ये एका स्वीडिश चित्रकाराचे, एलियास मार्टिनचे, जलरंगातले चित्र उजेडात आले. त्यात अर्धवट उभी कमान आणि तिच्याभोवतीची लाकडी परांची स्पष्ट दिसते. इतिहासाच्या अभ्यासकाला कागदपत्रांचा मोठा अभिमान असतो. पण इथे कागदांनी न सांगितलेली गोष्ट वाटेवरच्या एका चित्रकाराने सांगून ठेवली होती.

पुलावर टोल होता. त्याची पाटी अजून तिथे आहे आणि तिच्यात स्पष्ट बजावले आहे की शिपाई असो, अधिकारी असो, कामावर असो वा नसो, राजघराण्यातला असो, टोल सर्वांना पडेल. आपल्याकडच्या टोलनाक्यांवर सूट मिळणाऱ्यांची लांबलचक यादी वाचली की मला त्या पाटीची हटकून आठवण होते.

पण हा पूल ‘बिडाचा म्हणून टिकला’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. तो टिकवला गेला. दरीचे दोन्ही काठ हळूहळू नदीकडे सरकत होते. त्यामुळे कमान दोन्ही बाजूंनी दाबली जाऊन तिला तडे गेले. १८०२ साली दक्षिणेकडचा जड दगडी बांध काढून तिथे हलक्या लाकडी कमानी बसवल्या आणि नंतर त्यांच्या जागी लोखंडी आल्या. १९३४ साली पुलावरून वाहने नेणे कायमचे बंद झाले आणि त्याच वर्षी त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. या दोन गोष्टी एकाच वर्षी झाल्या हे ध्यानात घ्या. पायी जाणाऱ्यांचा टोल १९५० पर्यंत चालू होता, मग पूल तिथल्या जिल्हा कौन्सिलच्या हाती आला. पुढे काठ सरकतच राहिले, तेव्हा १९७० नंतरच्या वर्षांत नदीच्या तळाखाली दोन्ही बांधांच्या मधोमध सिमेंट काँक्रीटची उलटी कमान घालून त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवले. ती पाण्याखाली असते, पाहणाऱ्याला दिसत नाही. १९८६ साली तो परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. २०१७-१८ मध्ये ३६ लाख पौंड खर्चून पुन्हा दुरुस्ती झाली. रंगाचे थर खरवडताना सर्वात खाली तांबूस तपकिरी रंग निघाला, म्हणून आजवरचा करडा रंग काढून तो पहिला रंग पुन्हा दिला.

पाटी लावली आणि काम संपले, असे कुठेच झाले नाही. आधी भार उतरवला, मग पाया धरून ठेवला आणि दर पिढीत रंग दिला. आपल्याकडे मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार माणसे गेली. पूल धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झाले होते. जाहीर करणे आणि बंद करणे यांत जे अंतर आहे, त्या अंतरात ती माणसे उभी होती.

बिडाच्या मर्यादा कळल्या त्या आगगाडीमुळे. कमानीत बीड नुसते दाबले जाते, आणि दाब त्याला मानवतो. पण आगगाडीला सपाट पूल हवा. सपाट तुळईच्या खालच्या अंगाला ताण पडतो, आणि तिथे बीड फसते. २४ मे १८४७ रोजी चेस्टरजवळ डी नदीवरच्या पुलाची बिडाची तुळई गाडीखाली मोडली आणि पाच माणसे मेली. त्या पुलाचा कर्ता रॉबर्ट स्टीफन्सन, म्हणजे काही लहान माणूस नव्हे. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री स्कॉटलंडात टे नदीवरचा पूल गाडीसकट खाली गेला. त्याचे उंच खांब बिडाचे होते आणि त्यांना बांधून ठेवणारे सांधे ताणाखाली तुटले. पुढे तुळयांना घडीव लोखंड व नंतर पोलाद आले, आणि बीड खांबांपुरते, कठड्यांपुरते, जिन्यांपुरते उरले.

आपल्या मुलुखात लोखंडी पूल आले ते नेमके या मधल्या काळात. वसईची खाडी ओलांडून १८६४ साली बी. बी. अँड सी. आय. कंपनीची गाडी ग्रँट रोडला आली. या कंपनीचा कर्नल केनेडी मोठा हट्टी माणूस. मुंबईपासून वर गुजरातपर्यंतच्या पुलांना त्याने एकच ठरावीक मापाची जाळीदार लोखंडी तुळई नेमली, ६० फुटांची, आणि तिच्या खाली बिडाचे पोकळ खांब. त्या खांबांच्या तळाशी मळसूत्राचे रुंद पाते असे. खांब चिखलात उभा करायचा आणि वरून चकरी फिरवून तो स्क्रूसारखा जमिनीत पिळत न्यायचा. ही युक्ती बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेलची. हा गृहस्थ ऐन तारुण्यात आंधळा झालेला. आपले काम तो हाताने चाचपून तपासत असे. आपल्या खाड्यांच्या चिखलात दगडी पाया घालणे किती जिकिरीचे आहे, हे पनवेलच्या खाडीकाठी राहणाऱ्यांना मी वेगळे सांगायला नको. त्या चिखलावरचा तोडगा एका आंधळ्याला सुचला. पण नर्मदेवर हीच रीत हरली. नदीने ते पूल पुन्हा पुन्हा मोडले, आणि शेवटी १८८१ साली भडोचला वेगळा, भक्कम पूल करावा लागला. खाडीला जे चालते ते नर्मदेला चालत नाही.

अशा रीतीने जहाजांतून मुंबईला पूल येत होते, तुकडे पाडून, आकडे घालून. त्याच रीतीने एक घर आले.

मुंबईच्या किल्ल्याचे तट १८६० नंतरच्या दशकात पाडले गेले आणि एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानालगत भूखंड निघाले. जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्याने तिथे जागा घेतली. आराखडा दिला रोलँड मेसन ऑर्डिश याने. हा ऑर्डिश इमारती बांधणारा नव्हे. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनातल्या क्रिस्टल पॅलेसच्या लोखंडी सांगाड्यावर त्याने काम केलेले. सेंट पँक्रस स्थानकाचे विराट छप्पर, प्राग शहरातला टांगता पूल, लंडनचा आल्बर्ट पूल, ही त्याच्या हातची कामे. त्याने घराचा विचारही पुलासारखाच केला. इंग्लंडात डर्बीच्या फिनिक्स ओतशाळेत सुटे भाग झाले, ते जहाजाने मुंबईला आले, आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडले गेले. बिडाचे खांब, लोखंडी तुळया, मधल्या जागेत विटा. भिंती भार घेत नाहीत, नुसत्या पडद्यासारख्या आहेत; सगळे ओझे सांगाड्यावर. आज मुंबईत उठणारे अनेक मनोरे याच तत्त्वावर उभे असतात, फक्त सांगाड्याचे साहित्य बदलले आहे. भारतात उभी असलेली बिडाच्या सांगाड्याची सर्वांत जुनी बहुमजली इमारत म्हणून ती ओळखली जाते.

१८७१ साली तिथे वॉटसनचे एस्प्लनेड हॉटेल सुरू झाले. १३० खोल्या, चारी बाजूंना प्रशस्त सज्जे. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन तिथे उतरला आणि सज्जातून दिसणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांवर त्याने पुढे पानेच्या पाने लिहिली. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंचे हलते चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते याच घरात, तिकीट एक रुपया. जमशेटजी टाटांना वॉटसनच्या दारातून परत पाठवले म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती सांगायला फार छान आहे, पण तिला पुरावा मिळालेला नाही. या घराला अशा उसन्या गोष्टीची गरजही नाही.

पुढे हॉटेल बंद पडले. इमारतीचे नाव एस्प्लनेड मॅन्शन झाले. न्यायालये जवळ, म्हणून वकिलांच्या कचेऱ्या आल्या. दुकाने आली, बिऱ्हाडे आली. एका खोलीच्या दोन, दोनाच्या चार झाल्या. प्रत्येक जादा भिंतीचे, प्रत्येक मोरीचे ओझे त्याच बिडाच्या खांबांवर. मोरीचे पाणी तुळयांत मुरले. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठलेली. त्यामुळे दुरुस्ती मालकाला परवडत नव्हती आणि भाडेकरू ती आपली मानत नव्हते. यात दुष्ट कोणी नव्हते. आपल्यापैकी ज्यांचे बालपण मुंबईच्या चाळीत गेले, त्यांना ही सगळी माणसे ओळखीची वाटतील.

मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली आणि या घराला ‘दोन-अ’ श्रेणी मिळाली. संरक्षण झाले. १ जुलै २००५ रोजी पश्चिमेकडचे सज्जे कोसळले आणि एका माणसाचा जीव गेला. त्याच सुमारास जगातल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. २०१८ च्या पावसाळ्यात पुन्हा एक भाग खाली आला. २०१९ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने घर रिकामे करण्यात आले. मुंबईच्या आय. आय. टी. च्या तज्ज्ञांनी अहवाल दिला की आता दुरुस्ती शक्य नाही, पाडावे. वास्तुसंवर्धन करणाऱ्यांनी उलट सांगितले की सांगाडा वाचवता येतो.

यात कोण बरोबर हे सांगण्याइतका मी तज्ज्ञ नाही. मला फक्त त्याच ऑर्डिशच्या दुसऱ्या लेकराची हकिकत सांगू द्या. लंडनचा आल्बर्ट पूल १८७३ साली खुला झाला. त्याचे मनोरे बिडाचे. पूल इतका हलायचा की पलटणींनी तो ओलांडताना पाऊल मोडून चालावे अशी पाटी तिथे लावलेली आहे, ती अजून आहे. १९५७ साली लंडनच्या कौन्सिलने तो पाडायचे ठरवले. कवी जॉन बेचमन वगैरे मंडळींनी ओरड केली आणि तो वाचला. पण नुसत्या ओरडीने पूल उभा राहत नाही. १९७३ च्या सुमारास मधल्या गाळ्याखाली नदीत काँक्रीटचे दोन खांब घातले. टांगता पूल तो, त्याला खालून टेकू! शुद्धतेच्या आग्रही लोकांना ते विद्रूप वाटले, आणि ते विद्रूप आहेच. जड गाड्यांना बंदी झाली. १९७५ साली संरक्षित यादीत नाव गेले. टेकू आधी, यादी मागून. आमच्या घराच्या बाबतीत यादी आधी झाली. प्रागमधला ऑर्डिशचा पूल मात्र १९४० नंतरच्या दशकात मोडून टाकला गेला.

आता कोणी म्हणेल, मग सगळेच जुने राखा. तसे मी म्हणत नाही. मुंबईतला १८६८ चा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला, तेव्हा मला हळहळ वाटली, पण त्याखालून रोज लाखो माणसांच्या गाड्या जात होत्या आणि तो थकला होता. त्याचे अक्षरे कोरलेले दगड जपून ठेवायचे ठरले, तेवढे पुरे. ज्या वास्तूचे काम दुसरी वास्तू करू शकते, ती सोडता येते. वॉटसनच्या घराचे काम दुसरे घर करू शकत नाही. पुलांची विद्या घरात शिरली, ती याच जागी, आणि तिथे खांबाला हात लावून ती शिकता येते.

पनवेलहून निघालेली लोकल आपल्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते. तिथून काळा घोड्याकडे पायी वीस मिनिटे पुरतात. जाऊन बघून या, मुलांना न्या. मात्र रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने बघा, सज्जाखालून चालू नका.